भिंतीलगतची होली

८ जून २०२५, रविवार

"होळीले झाड लागते का मॅडम? एरंडाचं फांटं रोवा अन् पेटवा!" — नर्सरीवाला तानबा. वर स्वतःच हसला.

होळी नाही हो, होली! इंग्रजी झाड. मोबाइल त्याच्यापुढे धरला. चकचकीत हिरवी पानं, पानांच्या कडांना काटे, मधे लालभडक फळांचे घोस. त्यानं फोटो मोठा करून पाहिला, मान हलवली. "हे थंड्या मुलखातलं हाये. आपल्या हिंगणघाटच्या मे महिन्यात याचा पापड होईन."

धनंजय गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. काहीच न घेता परत.

शाळेत दर डिसेंबरला आम्ही बाया मिळून फाटकाला प्लास्टिकची होली बांधतो. आमची इंग्रजी शाळा, त्यामुळे नाताळ जोरात. मी तिथे मराठी शिकवते, पण पानं बांधायचं काम माझ्याकडेच. दरवर्षी मनात येतं, हे खरं कसं दिसत असेल? हात लावला तर कसं लागत असेल? घर बांधून दोन वर्षं झाली आणि अंगणात काय, तर एक तुळस आणि एक कढीपत्ता. बाकी सगळी मुरमाड जागा. आता बाग करायचीच.

आणि यंदा धनंजयनंच विषय काढला! मनकर्णाआत्या काल गावी वडनेरला गेल्या — मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, लग्नाच्या निमित्तानं आठवडाभर होत्या — आणि आज सकाळी चहा पिताना हा म्हणतो, "शेजारच्या भिंतीले काहीतरी लाव यंदा. दाट पाह्यजे. काटेरी असलं तर आणखीच बरं, डुकरं लय झाली." मी पाहतच राहिले. या माणसानं आजवर तुळशीला तांब्याभर पाणी घातलेलं नाही.

११ जून

शाळा अजून उघडली नाही. दुपारभर होलीचं वाचत बसले. किती जाती! पानं हिरवी, पानांना पांढरी किनार, पिवळी किनार, काट्यांची, बिनकाट्यांची. आणि गंमत म्हणजे नर झाड वेगळं, मादी वेगळं. फळं मादीलाच येतात, पण जवळपास नर नसेल तर एकही येत नाही. म्हणजे एकटं झाड आणून उपयोगच नाही.

मामाजींना सांगितलं. "पपईवानी म्हण ना," म्हणाले. आणि ही बातमी घेऊन लगेच भिंतीकडे!

भिंतीकडे म्हणजे चिंधूकाकांकडे. ते आमच्या शेजारचे, मूळ वडनेरचेच, मामाजींच्याच वयाचे. लाइनमन होते, आता निवृत्त. मुलगा अश्वजित पाटबंधारे खात्यात, सून नंदिनी तहसीलमध्ये. आमची दोन घरं, मधे कमरेइतकी भिंत. उन्हं यायच्या आधी मामाजींची खुर्ची भिंतीच्या या बाजूला, काकांची त्या बाजूला. मग कापसाचे भाव, कोणाचा बैल कोणत्या पोळ्याला मारका झाला होता, कोण कधी गेलं. पोळ्या लाटता लाटता मला सगळं ऐकू येतं.

वडनेरात आमचं घर देवळाशेजारी, त्यांचं नाल्यापलीकडच्या वस्तीत. शाळेत दोघं एका वर्गात. काका एकदा हसत हसत म्हणाले होते, "चंद्रभान मधात बसत होता अन् मी दाराजवळ. पाऊस आला का पुस्तक माह्यंच भिजे." सत्तर वर्षं एका गावात राहिले, पण एकमेकांच्या घरचं पाणी प्यायले नाहीत. आणि इथे प्लॉट शेजारी निघाले! पहिल्यांदा काकांनी 'चंद्रभान' अशी हाक मारली तेव्हा मी दचकले होते. मामाजींना नावानं हाक मारणारं आता कोणी उरलंच नाही. त्यांचे आई-वडील गेले, मोठे भाऊ गेले. मामाजी त्यांना 'चिंधूभाऊ' म्हणतात.

आजचं ऐकून मी एकटीच हसले.

"नर झाडाले फळ नाई म्हणते, चंद्रभान. मंग ठेवते कायले त्याले?"

"तुले अन् मले कायले ठेवलं हाये?"

दोघं खोकला लागेपर्यंत हसले.

१४ जून

आत्यांचं बोलणं मनातून जात नाही. लिहून टाकते म्हणजे सुटेन.

त्या आल्याच्या तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाल्या, "दादा, गावात लोक इचारते मले. तुह्या भावानं शहरात जाऊन बैठकच बदलली म्हणे. लग्नात तर चार बाया माह्या तोंडावर बोलल्या." मामाजी जेवत राहिले. धनंजयनं वरण मागितलं. मी वाढलं. मला राग आला होता, पण मी वरणात मीठ कमी आहे का ते विचारलं! माझंही तोंड कधी उघडतं? आत्या उद्या जातील, उगाच कशाला, असं वाटतं. आणि आत्या गेल्याच.

१८ जून

खरी होली रद्द. ऑनलाइन एक जण 'उष्ण प्रदेशातही हमखास' म्हणून विकतो, पण त्याच्या पानाखाली लोकांनी वाळलेल्या काड्यांचे फोटो टाकलेत.

पर्याय: करवंद — काटे आहेत, दाट होतं, पण मला रानाची आठवण येते. मेंदी — सगळ्यांच्या दारात आहे. बोगनवेल — कचरा फार. डुरांटा — नको.

२१ जून

मिळाली! तानबाचाच फोन आला. "मॅडम, तुमची होली भेटली."

वर्ध्याहून मागवली त्यानं. खरी होली नव्हे, तिची गरम देशातली डमी म्हणायची. नर्सरीत नाव मात्र 'मिनी होली'. पण पान तेच! बारीक, तुकतुकीत, कडेला टोचणारे काटे. फिक्या गुलाबी फुलांच्या झालरी येतात, मग लाल फळं. उन्हाला भीत नाही. नर-मादीची भानगड नाही.

त्याच्याकडे दोन प्रकारची होती. एकाची पानं काटेरी, दुसऱ्याची नुसती गोल. माझा हात गोल पानांकडे गेला होता. मामाजींची बसायची जागा, चुकून हात लागला तर? धनंजय मागून म्हणाला, "काटेवालीच घे." मग मलाही वाटलं, काटेच नसतील तर ती होली कसली? मोठ्या पिशव्यांतली, चांगली वाढलेली रोपं निवडली. एकेक फिरवून पाहिलं. एवढ्या हौसेनं मी स्वतःसाठी कधी साडी निवडली नाही.

२२ जून, रविवार

लावली. गवंड्यानं भिंतीच्या कडेनं विटांचा उंच वाफा बांधला, त्यात माती, शेणखत, मग रोपं. वाफ्यामुळे झाडं भिंतीच्या वर डोकावतात. एका दिवसात अंगण ओळखू येईना!

मामाजींची खुर्ची हलवावी लागली. फाटकाजवळ पोर्चमध्ये ठेवली. "मामाजी, इथे सावली आहे, वारा पण येतो." "हाव," म्हणाले. बसले.

चिंधूकाका पलीकडे उभे राहून पाहत होते.

"काय लावून राह्यली बाई?"

"होली, काकाजी."

"फळं खायची हायेत?"

"नाही, नुसती शोभेची."

त्यांनी पानाला बोट लावलं आणि मागे घेतलं. "काटे हायेत."

"हो ना, डुकरांसाठी!" मी हसत म्हणाले.

काकांनी हात धोतराला पुसला आणि आत गेले. कंबर भरून आली आहे. झोपते.

१ जुलै

एकही रोप दगावलं नाही!

५ जुलै

सकाळी काका फाटकाशी आले होते. मी खिडकीतून म्हटलं, "या ना काकाजी, चहा ठेवते." मामाजी पोर्चमध्येच होते, पेपर वाचत. त्यांनी मान वर केली नाही. डाव्या कानानं कमी ऐकू येतं त्यांना. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "नाई, सहजच आलतो," म्हणाले आणि गेले.

मी मामाजींना सांगितलं, काका येऊन गेले. "असं का?" म्हणाले.

१७ जुलै

फुलं आली. खरंच झालरीसारखी. फोटो काढून शाळेतल्या बायांना पाठवले. सगळ्यांना हवी आहे.

मामाजी आता सकाळी टीव्ही लावतात. आवाज मोठा.

२ ऑगस्ट

आज पोळ्या लाटताना हात थांबला. काय चुकतंय ते कळेना. मग कळलं — बाहेर कोणी बोलत नाही.

किती दिवस झाले? मला सांगता येत नाही. मी झाडांच्या नादात होते. मामाजींना विचारलं, "काकांशी बोलणं नाही झालं बऱ्याच दिवसांत?" म्हणाले, "आता ऊन लागते तिथं." पावसाळ्यात कसलं ऊन!

एवढी जागा होती अंगणात. पलीकडच्या बाजूला, फाटकाला, मागे मोरीजवळ — कुठेही लावता आली असती. पण नेमकी तिथे! दोन म्हातारी माणसं जिथे बसत होती, तिथेच मी काटे लावले. खुर्ची सरकवताना एकदा विचारायला हवं होतं. 'सावली आहे' म्हणे!

२२ ऑगस्ट

पोळा. गेल्या वर्षी पुरणपोळीचं ताट भिंतीवरूनच दिलं होतं. काकांनी वरच्यावर झेललं, आणि ते ताट संध्याकाळी नंदिनीच्या हातच्या करंज्या घेऊन परत आलं. यंदा भिंतीपर्यंत हात पोचत नाही. रस्त्यानं फिरून फाटकातून गेले.

नंदिनीनं दार उघडलं. "अरे, कशाला त्रास घेतला?" त्रास? आधी कधी म्हणाली नव्हती. पोळ्या आत नेऊन लगेच ताट परत आणून दिलं. धुतलेलं. रिकामं.

काका आतल्या खोलीत होते. दिसले, पण बाहेर आले नाहीत.

२३ ऑगस्ट

धनंजयला म्हटलं, त्यांना काहीतरी लागलंय. म्हणाला, "तुले उगाच वाटते." मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही.

९ सप्टेंबर

काका दिसत नाहीत. त्यांची खुर्चीही दिसत नाही. दोरीवर त्यांचं धोतर नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आज भाजीबाजारात नंदिनी भेटली. मीच तिच्या मागे मागे गेले. म्हटलं, "नंदिनी, काका बरे आहेत ना?"

"तळेगावला आहेत. पंचफुलाताईंकडे." पंचफुला म्हणजे तिची नणंद, तळेगाव श्यामजी पंतला दिलेली.

"कधी येतील?"

"नाही येणार म्हणतात."

मी गवारीच्या ढिगाजवळ तशीच उभी. मग विचारलंच. "आमचं काही चुकलं का?"

तिनं पिशवी खाली ठेवली. आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "ताई, भिंत तर होतीच. तिला काटे कशाला लावतात, हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि तुम्ही बाबांना म्हणालात — डुकरांसाठी."

डुकरांसाठी! मी म्हटलं होतं. हसत. त्यांच्या तोंडावर!

"अगं, खरीच डुकरं गं! ती मोकाट..."

"आम्हीही याच लेआउटमध्ये राहतो ताई. डुकरं फाटकातून येतात, भिंतीवरून नाही."

मी तिचा हात धरला. लोक पाहत होते. म्हटलं, "नंदिनी, माझ्या पोरीची शपथ घेऊन सांगते, आमच्या घरात कोणाच्या मनात तसं काही नव्हतं. मला नुसतं ते झाड आवडलं होतं. शाळेतल्या पानांसारखं. दुसरं काही नाही. मामाजींच्या मनात तर नाहीच नाही. काका त्यांना नावानं हाक मारत होते ना!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "असेल," म्हणाली. हात सोडवून घेतला, पिशवी उचलली. "बाबा त्या दिवशी संध्याकाळी जेवले नाहीत, एवढंच मला माहीत आहे."

भाजी न घेता घरी आले.

१५ सप्टेंबर

शाळेत कशातच लक्ष लागलं नाही. तेच ते डोळ्यांपुढे — काकांनी पानाला बोट लावलं, मागे घेतलं, धोतराला हात पुसला. 'काटे हायेत' म्हणाले. ते झाडाबद्दल नव्हते बोलत. विचारत होते मला. आणि मी काय उत्तर दिलं!

मी शिकलेली. वर्गात मुलांना समतेवर निबंध लिहायला लावणारी. माझ्या डोक्यात कसं आलं नाही? यायची गरजच पडली नाही कधी, म्हणून आलं नाही. दाराजवळ बसून माझं पुस्तक कधी भिजलंच नाही.

१६ सप्टेंबर

धनंजयला सगळं सांगितलं. तो एकदम चिडला. "तू बाजारात कायले तोंड घातलं? त्याहिले जे समजाचं थे समजू दे. सोडून दे आता." मी म्हटलं, "अरे पण खोटं आहे ना ते!" तो उठला. बाहेर निघून गेला.

२१ सप्टेंबर, रविवार

काढली. सगळी.

कोणाला बोलावलं नाही. सकाळीच खुरपं, कुदळ घेऊन बसले. तीन महिन्यांत मुळांनी चांगलाच जीव धरला होता. हातमोजे फाटले, मग तशीच उपटली. मनगटापर्यंत ओरखडे. पहिली फळं नुकतीच लाल झाली होती. सुंदर दिसत होती, लिहायला लाज वाटते पण दिसत होती.

धनंजय दारात येऊन पाहून गेला.

अर्धी झाली असतील. मामाजी पोर्चमधून उठून आले, हळूहळू, काठी टेकत. मी म्हटलं, "मामाजी, बसा तुम्ही, काटे आहेत." ऐकलं नाही. वाकले आणि एक झाड दोन्ही हातांनी धरून ओढायला लागले. निघेना. तळहातातून रक्त आलं. मी धावले. हात धुऊन हळद लावली. त्यांचे डोळे भरले होते.

मी म्हटलं, "चुकले मी मामाजी. तुमची जागा घेतली. तुमचा माणूस गेला माझ्यामुळे."

"तसं नको म्हणू," म्हणाले. नुसतं एवढंच, दोन-तीनदा. "तसं नको म्हणू, पोरी."

माझ्यावर एका शब्दानं रागावले नाहीत. रागावले असते तर मलाच हलकं वाटलं असतं.

रोपं पोत्यात भरून शाळेच्या मागच्या मैदानात लावायला पाठवली. जगली तर जगोत.

२ ऑक्टोबर

दसरा. शेजारी कुलूप — नागपूरला गेले असतील दीक्षाभूमीला. मागच्या दसऱ्याला मामाजींनी भिंतीवरून काकांच्या हातात सोनं ठेवलं होतं. काका म्हणाले होते, "जय भीम, चंद्रभान." आणि मामाजी जरा थांबून, घसा खाकरून म्हणाले होते, "जय भीम." मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. मला वाटलं होतं, किती साधं आहे सगळं!

आज मामाजींनी स्वतःच खुर्ची ओढत नेऊन भिंतीजवळ ठेवली. पलीकडे कोणी नाही. दुपारपर्यंत तिथेच बसले.

२० ऑक्टोबर

दिवाळी. मुलगी आली अमरावतीहून. "आई, तुझी होली कुठे गेली?" म्हणाली. मरून गेली म्हटलं.

१६ नोव्हेंबर

नंदिनी सकाळी स्कूटर काढताना दिसली. मी हात हलवला. तिनंही हलवला. भिंत पुन्हा मोकळी आहे हे तिनं पाहिलंच असेल. काय म्हणणार? उपटलं म्हणजे लावलंच नव्हतं असं होत नाही.

६ डिसेंबर

मामाजी जेवणावरून उठता उठता म्हणाले, "मले तळेगावले घेऊन चाल."

धनंजय म्हणाला, "एवढ्या लांब? थंडी हाये. फोन लावून देतो ना बाबा."

"तुले नाई म्हटलं. तिले म्हटलं."

१४ डिसेंबर, रविवार

तळेगावला जाऊन आलो. जसं झालं तसंच लिहिते.

भाड्याची गाडी केली. वर्धा, आर्वी, मग पुढे तळेगाव. रस्त्यानं दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे. मामाजी धुतलेलं धोतर नेसले होते, वर कोट घातला होता. कुठे लग्नाला निघाल्यासारखे. गाडीत एकदाच बोलले. "त्यानं घरात नाई घेतलं तं?" मी म्हटलं, "असं कसं होईल मामाजी?"

घरात घेतलं. पंचफुलाताई मोकळ्या स्वभावाच्या. "या बाप्पा, एवढ्या दुरून!" अंगणात खुर्च्या टाकल्या, पाणी आणलं. मामाजी गटागटा पाणी प्यायले. चहा झाला. संत्री सोलून ताटलीत ठेवली.

मग काका आले. वाळले होते. हातात काठी. अंगणाच्या मधोमध थांबून दोन्ही हात जोडले आणि म्हणाले,

"या पाटील."

मामाजींच्या हातातली फोड तशीच राहिली.

पाटील! वडनेरात म्हणायचे तसं. नाल्यापलीकडून म्हणायचे तसं. अगदी आदरानं, मान थोडी झुकवून. शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं.

"चिंधूभाऊ," मामाजी म्हणाले, "तब्येत कशी हाये?"

"तुमच्या किरपेनं बरी हाये."

किरपेनं! मग तूर कशी आहे, थंडी किती पडली, आर्वीचा रस्ता कसा झाला. काका प्रत्येक गोष्टीचं नीट उत्तर देत होते. विचारलं तेवढंच. स्वतःहून एकही प्रश्न नाही. हसू नाही. भिंतीवरून एकमेकांना चिडवणारी ती दोन माणसं कुठे गेली होती कोण जाणे.

शेवटी मामाजी म्हणाले, "घरी चाल ना आता. थे काढून टाकलं सुनेनं. आपली जागा मोकळी झाली."

"बरं केलं. मोकळं बरं."

"मंग चाल."

"माह्यं आता इथंच बरं हाये, पाटील. नातवंडं हायेत. संध्याकाळी विहारात जातो. माणसं बसते चार." काठीनं जमिनीवर रेघ ओढली, पुसली. "मी तुमच्या भिंतीशी आलतो, पाटील. मले कोणी बलावलं नोतं. माह्यीच चूक."

"तुले म्या बलावलं होतं," मामाजी म्हणाले.

"हाव. बलावलं होतं."

निघताना मी काकांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला मधेच धरलं. मी रडत होते. म्हटलं, "काकाजी, सगळी चूक माझी. ती झाडं मी निवडली. त्या दिवशी मी जे बोलले..."

त्यांनी डोक्यावर हात ठेवला. "तुह्यी कायची चूक, बाई?" आणि माझ्या डोक्यावरून मामाजींकडे पाहिलं. बराच वेळ. मामाजी खाली वाकून चप्पल शोधत होते. चप्पल पायातच होती.

परतीच्या वाटेवर पंचफुलाताईंनी दिलेली संत्री मामाजींच्या मांडीवर तशीच.

१५ डिसेंबर

शाळेत आज फाटकाला पानं बांधायची होती. मी म्हटलं, यंदा दुसऱ्या कोणी बांधा.

१६ डिसेंबर

सकाळी मामाजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "सूनबाई, थे झाड तुनं नाई निवडलं. मनकर्णा बोलून गेली, अन् म्याच धनंजयले म्हटलं होतं — भिंतीले काहीतरी लावून दे, दाट, काटेरी. म्हणजे मले माह्या तोंडानं चिंधूले 'बसू नको' म्हणा लागत नाई."

काकांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नंदिनीलाही. आणि मी भरबाजारात माझ्या पोरीची शपथ घेऊन आले.